वाढून ठेवलेला सूर

नगरच्या एस.टी. स्टँडवर कंडक्टरने पेटी टपावर टाकायला सांगितली आणि प्राध्यापक हेमचंद्र निसळ यांनी साफ नकार दिला.

"काय हाय येवढं हेच्यात? अंडी?"

"टेपरेकॉर्डर आहे. हादरे चालत नाहीत त्याला."

"मंग घ्या मांडीवर लेकरावानी. आन घशाचं बघा जरा मास्तर, लई बसलाय तुमचा."

निसळांनी पेटी मांडीवर घेतली. पुण्याच्या दोन डॉक्टरांनी आरसा घालून स्वरयंत्र तपासले होते आणि दोघांनाही दोष सापडला नव्हता. दोष सापडला नाही म्हणजे दोष नाही असे होत नाही, एवढे तर्कशास्त्र निसळांना येत होते. दोष नसेल, तर भरल्या वर्गात व्याख्याता मधेच मुका का होतो, हे मात्र त्यांना येत नव्हते.

सन १९७३ चा चैत्र होता. करंजीचा घाट उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग लागले. बायका बोटांना चिंध्या गुंडाळून दगड फोडत होत्या. दुष्काळी कामावरचा तो टकटक आवाज गाडी पुढे गेली तरी मागून येत राहिला. शेकडो हातोड्या, पण ठेका कोणाचाच कोणाशी जुळत नव्हता. निसळांना त्याचे जरा बरे वाटले. जे आपोआप घडते ते असेच विस्कळीत असते. जुळवून आणलेले तेवढे सुरात असते. आणि खांबवाडीत कोणीतरी काहीतरी जुळवून आणले होते, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांची विद्यापीठातली सारी कारकीर्द एका सुरावर उभी होती. काटेकोर सांगायचे, तर एका न म्हटलेल्या सुरावर.

पदार्थविज्ञान शिकून ते संगीतशास्त्राकडे वळले होते. गवई त्यांना सायंटिस्ट म्हणत, सायंटिस्ट त्यांना गवई म्हणत, आणि दोघेही त्यांना जेवायला बोलावताना विसरत. अशा उपेक्षित दिवसांत, १९५१ साली, तिसगावपासून आत खांबवाडीला एक बारव आहे आणि तिच्या पायऱ्यांवर चैत्रभर दुपार कलली की साती आसरांचे गाणे म्हणतात, असे त्यांच्या कानावर आले. जलदेवतांचे गाणे कुठल्या गावात नसते? पण हे त्यांनी ऐकले आणि पायरीवर बसल्या जागी त्यांच्या अंगावर काटा आला. तो काटा शास्त्रीय आनंदाचा होता, असे ते पुढे वर्गात सांगत.

गाणे षड्जापासून एकेक पायरी चढे. सा, रे, ग, म, प, ध. सातव्या जागी, निषादाशी, सगळी तोंडे मिटत. झांज हवेत अडे. एक मात्रा कोणी श्वासही घेत नसे. मग सगळे एकदम वरच्या षड्जावर जात.

स्वर वगळणे नवे नाही. कितीतरी राग एखाद-दुसरा स्वर गाळून पुढे जातात. पण गाळलेल्या स्वराची जागा कोणी राखून ठेवत नाही. इथे ती राखलेली होती. पितरांचे पान वाढून बाजूला ठेवावे तशी. निसळांनी यावर प्रबंध लिहिला. प्राचीन सामूहिक गायनातला एक स्वर काळाच्या ओघात लुप्त झाला, त्याचे मौन तेवढे शिल्लक राहिले, हा त्यांचा सिद्धांत. बारवेच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात गोटे आहेत आणि स्वरही सात आहेत, हा योगायोग असल्याचे त्यांनी तळटीपेत नोंदवून टाकले. त्या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली, अधिव्याख्यात्याची जागा मिळाली, पुढे विभागातले दुसऱ्या क्रमांकाचे पद मिळाले. 'खांबवाडीच्या मौन-निषादावर टीप लिहा' हा प्रश्न पहिल्या वर्षाची मुले डोळे मिटून सोडवीत. पहिली पाहणी कान आणि आपटला की एकच स्वर देणारा नादकाटा यांवर झाली होती, कारण तेव्हा यंत्र मिळणे दुरापास्त होते. पुढे यंत्र मिळाले, पण निष्कर्ष छापून झाला होता. छापलेल्या निष्कर्षाला पुन्हा कोण तपासते?

नृसिंह पाटणकरने तपासला.

नृसिंह त्यांचा विद्यार्थी. निसळांच्या घरी राहून शिकलेला. निसळांच्या पत्नी लीनाबाईंनी आजारपणात त्याच्या उशाशी बसून रात्री काढलेल्या. त्याची पहिली नेमणूक निसळांनी कुलगुरूंच्या पायऱ्या झिजवून मिळवलेली. संगीतशास्त्राचे प्राध्यापकपद नव्याने निर्माण झाले आणि निसळांखेरीज दुसरे नाव कोणाच्या मनात नव्हते, तेव्हा नृसिंहने परिसंवादात एक फीत लावली. खांबवाडीला न सांगता गेला होता तो, मागच्या चैत्रात.

सहा सूर चढले. सातव्या जागी कोणीतरी निषाद म्हटला.

पुरुषाचा आवाज, किंचित नाकातला, पण सुराला पक्का. सभागृहात कोणी चुळबुळ केली नाही. सगळ्यांनी माना वळवून निसळांकडे पाहिले. ती कीव आहे असे निसळांना वाटले. ते उठून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा कोण गातो आहे?" त्यावर सभागृह आणखीच गप्प झाले. विभागातली तरुण अधिव्याख्याती शोभा खाली मान घालून पदराचे टोक पिळत बसली. नृसिंहने यंत्र बंद केले आणि अगदी हळू म्हणाला, "सर, ते तुम्हीच सांगावं, असं मला वाटतं."

महिन्याभरात प्राध्यापकपद नृसिंहला मिळाले.

निसळांनी फितीची प्रत मागून घेतली. भिंगाखाली तिचा तसू न् तसू तपासला. जोड नव्हता. तेव्हा एकच शक्यता उरली. गावातल्या कोणाला तरी पढवून नृसिंहने सूर म्हणवून घेतला होता. तो गळा शोधायचा, त्याच्याकडून चार माणसांसमोर कबुली घ्यायची, एवढ्यासाठी ते निघाले होते.

तिसगावच्या फाट्यावर राधाकृष्ण सायकल घेऊन उभा होता. आप्पासाहेबांचा हा धाकटा भाऊ. आप्पासाहेब म्हणजे पहिल्या खेपेपासूनचे यजमान. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून पुण्याला बाजरीचे पोते आणि तुपाचा डबा येई. "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतात हो," असे लीनाबाई दरवर्षी म्हणत. राधाकृष्णने पेटी कॅरिअरला बांधली आणि दोघे चालू लागले. तो कधी निसळांच्या नजरेला नजर देत नसे. निसळांनी ते बुजऱ्या स्वभावावर ढकलले होते.

"आवाज पार गेला व्हय सर?" त्याने सायकलच्या चाकाकडे बघत विचारले.

"हवा बदलली की येईल."

राधाकृष्णने सायकल जरा जोरात ढकलली.

आप्पासाहेबांची जनावरे छावणीत होती. रिकाम्या गोठ्यात बाज टाकून त्यांनी पाहुण्यांची सोय केली. त्यांच्या पत्नी छबूबाईंनी रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी आणि बिनतेलाचा ठेचा वाढला. "आवंदा तूप न्हाई भावजी," त्या म्हणाल्या. "घासाखाली पानी घ्या, म्हंजी उतरंल. जनावरं बी नाक मुरडत्यात हिला."

"आप्पासाहेब," निसळ म्हणाले, "नृसिंहने सातवा सूर कोणाकडून म्हणवून घेतला?"

आप्पासाहेबांनी चंचीतून सुपारी काढली. ती कातरायला त्यांना फार वेळ लागला.

"आमच्यातलं कोन म्हनंल सर? आमी तो म्हनतच न्हाई. तुमाला ठावं हाय."

"मग फितीवर कुठून आला?"

"उन्हं कलली की जमत्यात समदी बारवंवर. तुमीच ऐका. तुमचं मशीन बी ऐकंल."

बारव कोरडी ठणठणीत होती. निसळांनी इतकी खोल ती कधी पाहिली नव्हती. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर शेवाळाचे वाळलेले पापुद्रे सुटले होते. तळाला चिखलाच्या खपल्या पालथ्या झाल्या होत्या. वास पाण्याचा नव्हता, पण जिथे फार काळ पाणी होते अशा भांड्याचा होता. कोनाड्यातले सातही गोटे कोरडे दिसत होते.

निसळांनी आधी शास्त्र उरकले. दगडी बारव ही शेवटी एक पोकळी. पोकळीला स्वतःचा एक नाद असतो, तिच्यात गाणाऱ्यांच्या सुरांनी तो जागा होऊ शकतो. नृसिंहच्या फितीवरचा सूर म्हणजे निव्वळ अनुनाद असेल, ही शक्यता त्यांनी शेवटची म्हणून राखून ठेवली होती. त्यांनी तळाशी उतरून टाळी वाजवली, निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे राहून हुंकार भरला. पोकळीचा नाद सापडला. तो षड्जाच्याही खाली होता, जाड, घागरीत बोलल्यासारखा. पाणी आटले की पोकळी वाढते आणि नाद उतरतो. तेव्हा अनुनादाची शक्यता निकालात निघाली.

दहा-बारा माणसे जमली. बरीचशी बाया-माणसे खडीवरून थेट आली होती आणि त्यांच्या भुवयांवर पांढरी धूळ होती. सगळ्यांत वरच्या पायरीवर बनुबाई बसली. तिचे वय कोणाला ठाऊक नव्हते आणि तिचा आवाज अजून कोयत्यासारखा होता. निसळांनी यंत्र सुरू केले. त्यांनी समोरच्या पायरीवर अशी जागा धरली की प्रत्येकाचे तोंड दिसावे.

गाणे चढले. षड्ज, ऋषभ, गंधार. राधाकृष्णचा गळा सगळ्यांत गोड होता. मध्यम, पंचम, धैवत.

सगळी तोंडे मिटली. झांज हवेत अडली.

निसळांनी एकेक चेहरा पाहिला. ओठ बंद, गळ्याच्या शिरा सैल. शांतता. त्यांच्या सिद्धांतातली, त्यांनी मोजलेली, निखळ शांतता.

मग सगळे वरच्या षड्जावर गेले.

निसळांना हायसे वाटले. बावीस वर्षे ते खोटे बोलले नव्हते. त्यांनी फीत मागे गुंडाळली आणि त्या माणसांसमोरच लावली.

सहा सूर. आणि सातव्या जागी तोच आवाज. किंचित नाकातला. सुराला पक्का.

त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तोच. नादकाटा गुडघ्यावर आपटून त्यांनी अंतर ताडून पाहिले. निषादच. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"कोण आहे हा?" ते म्हणाले. आवाज फुटेना म्हणून त्यांना दोनदा म्हणावे लागले. "कोणी म्हटलं? माझ्यासमोर तोंड मिटून बसता आणि..."

एक बाई पदराने भुवया पुसू लागली.

बनुबाई वरून म्हणाली, "सोताचा आवाज वळखंना व्हय रं बाबा? येवढा शिकल्याला."

निसळ हसले. निदान हसण्यासाठी त्यांचे ओठ फाकले. दर जूनमध्ये पहिल्या वर्षाला ते हाच प्रयोग दाखवीत. मुलांचा आवाज टेप करून ऐकवायचा. प्रत्येक जण लाजून म्हणे, हा मी नव्हे. मग ते समजावीत की माणूस स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ऐकतो, जग तो हवेतून ऐकते, म्हणून आपला आवाज आपल्याला परका आणि बाकी सगळ्यांना ओळखीचा. तो प्रयोग त्यांनी स्वतःवर कधी केला नव्हता.

सभागृहात वळलेल्या माना त्यांना आठवल्या. ती कीव नव्हती.

त्यांनी तिसऱ्यांदा फीत लावली. आता ते सूर ऐकत नव्हते, सुराच्या आधीचे ऐकत होते. निषादाच्या तोंडाशी एक बारीक उचकीसारखा श्वास होता. लहानपणापासूनची खोड. लग्न झाल्यावर लीनाबाई तिची नक्कल करीत.

"मी इथे बसलो होतो," निसळ म्हणाले. "तोंड मिटून."

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले. "आमी बगत हुतो."

बाकीची माणसे एकेक करून उठली. खडीवर हजेरी लावायची होती, असे कोणीतरी पुटपुटले. राधाकृष्ण सगळ्यांत आधी गेला. आप्पासाहेब तेवढे निसळांच्या शेजारी येऊन बसले, थोडे अंतर ठेवून.

"तुमाला ऐकू येतं ते?" निसळांनी विचारले. "मशीन नसताना?"

"आमाला तं रोजच येतं, सर. चैत्र लागला की. बावीस वर्सं झाली."

"आणि त्याच्या आधी?"

आप्पासाहेबांनी नजर कोनाड्यातल्या गोट्यांकडे वळवली. पण निसळांची स्मरणशक्ती संशोधकाची होती आणि तिने आपण होऊन पान उलटले.

पहिल्याच वर्षीची दुपार. तेव्हा बारव तुडुंब होती. तरणेबांड आप्पासाहेब हात जोडून म्हणाले होते, "सर, तुमी येवढं शिकल्याले. त्यो सूर भरला तर कसं वाटंल? म्हना की. तुमीच म्हना." आणि निसळांनी म्हटले होते. प्रात्यक्षिक म्हणून, एकदाच, मोकळ्या गळ्याने. सगळे कसे थांबून ऐकत होते! श्रोत्यांचे असे अवधान त्यांना पुढे कुठल्याही परिषदेत लाभले नाही.

त्याच संध्याकाळी जेवणे झाली. पंगतीच्या टोकाला आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ होता, मुका. निदान दोन दिवस तो निसळांना मुका दिसला होता. जेवता जेवता तो म्हणाला होता, "वैनी, मीठ." एवढेच. छबूबाईंनी मीठ वाढले आणि पदर डोळ्यांना लावला. निसळांना वाटले, चुलीचा धूर.

"तो आवाज राधाकृष्णचा होता," निसळ म्हणाले. "माझ्या आधी."

"हाताखाली वाडीवल्यालं पोर ते, सर. पयला त्यो सूर गेला. मंग बाकीचे. मंग बोलनं. समदं चार वर्सांत. त्याच्या आदी आमचा चुलता हुता, त्यो तसाच मेला, गप. कोनाचा तरी लागतोच. का ते इचारू नका, मला ठावं न्हाई. माज्या बाला बी ठावं न्हवतं."

"म्हणून तुम्ही मला म्हणायला लावलंत."

आप्पासाहेबांनी मान वर केली नाही.

"बाजरीचं पोतं," निसळ म्हणाले. "दर वर्षी."

"दुसरं काय देनार हुतो आमी?" आप्पासाहेब म्हणाले. "तुमी लांब ऱ्हायलात, पुन्याला. म्हनून येवढी वर्सं टिकलात. पयल्यांदा वाटलं, तुमाला काईच व्हनार न्हाई. शिकल्याल्या मान्साला न्हाई लागत. मंग मागल्या साली तुमी आला आन घोगरं बोलाया लागला. तवा ही रडली रातभर."

"यावर उपाय?"

"तुमीच आमच्या राधाला सोडवलं न्हाई का? तसाच." आप्पासाहेब घुटमळले. "पाटनकर सायेब आल्ते तवा मी पाया पडलो त्येंच्या. समदं सांगितलं. म्हनलं, तुमचं गुरू हायेत, तुमी येक डाव म्हना, त्ये सुटतील. मशिनीत आवाज ऐकून त्ये पांढरे पडल्ते. पर म्हनले, बघू. मशीन गुंडाळलं आन गेले."

निसळांनी फीत काढून पेटीत ठेवली. यजमानाने त्यांना विकले होते, हे त्यांना समजू शकत होते. पोटच्यासारखा भाऊ होता. पण नृसिंहला सगळे ठाऊक होते. तो सभागृहात यंत्र बंद करून "ते तुम्हीच सांगावं" असे म्हणाला, तेव्हाही ठाऊक होते.

संध्याकाळी गोठ्यात एकटे असताना त्यांनी प्रयोग केला. नादकाट्यावर षड्ज घेतला आणि हलक्या आवाजात चढू लागले. धैवत कापड फाटावे तसा निघाला. त्याच्या पुढे फक्त वारा होता. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा केला. पंचमही आता डळमळत होता. निरीक्षण पुरेसे होते, निष्कर्ष काढण्याची त्यांना इच्छा नव्हती. बोलता न येणाऱ्या अध्यापकाचे विद्यापीठ काय करते, हा प्रश्न संगीतशास्त्राचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला शोभा आली. फाट्यापासून चालत, डोक्यावर पदर घेऊन, चेहरा लालबुंद.

"सर, रागावू नका," ती आल्या आल्या म्हणाली. "विभागाचं मशीन परत न्यायला पाठवलंय मला. पाटणकर सर म्हणाले, वस्तू विभागाची आहे, नोंद करून नेलेली नाही."

"बरोबर आहे," निसळ म्हणाले.

"बरोबर काय? शिपायानं यायचं काम! पण मीच निघाले. मला तुमच्याशी बोलायचं होतं." छबूबाईंनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने एका दमात अर्धा केला. "सर, त्या फितीवरचा आवाज तुमचा आहे. आम्ही सगळ्यांनी ओळखला, पण तुमच्यासमोर बोलायची कोणाची छाती झाली नाही. पाटणकरांनी तो तुमच्या एखाद्या जुन्या व्याख्यानातून उचललाय आणि या गाण्यात घुसवलाय. तुमच्याच आवाजानं तुमचा सिद्धांत खोटा ठरला असं लोकांना वाटावं म्हणून."

"फितीला जोड नाही, शोभा."

"फितीवरून फीत उतरवली की जोड दिसत नाही. तुम्हीच शिकवलंय." तिचे डोळे चमकत होते. सबंध विभागात निसळांच्या बाजूने उभे राहिलेले हे एकच माणूस होते. "सिद्ध करायची पद्धतही तुमचीच. वर्गात म्हटलेल्या सुराला वर्गाचा घुमारा असतो, बारवेतल्या सुराला बारवेचा. मी आज त्या जागेवर निषाद म्हणते. तुम्ही टेप करा. दोन्ही घुमारे शेजारी ठेवले की कुलगुरूंनाही ऐकू येईल. पद तुमचं आहे सर. मी ते परत आणून दाखवते."

निसळांच्या पेटीत कालची फीत होती. बारवेच्या घुमाऱ्यासकट त्यांचा आवाज तिच्यात होता. ती लावली असती तर शोभाची उपपत्ती तिथेच कोसळली असती.

"गंमत म्हणजे," शोभा हसून म्हणाली, "निघताना पाटणकर सरच म्हणाले, तुझा गळा तयार आहे, गेलीसच तर म्हणून बघ. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत, कळतही नाही त्यांना."

चुलीपाशी छबूबाईंचे हात थांबले. आप्पासाहेब उठून बाहेर गेले.

उन्हे कलली. माणसे जमली, पण रोजच्यापेक्षा कमी. बनुबाईने पायरीवर बसलेल्या शोभाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"लेकी, लगीन झालं का तुजं?"

"नाही आजी."

"आईबाप?"

"आहेत. आई गाणं शिकवते."

बनुबाई उठली. काठी टेकीत वर गेली आणि मागे न बघता निघून गेली.

एकदा रीतीप्रमाणे गाणे झाले. शांतता आली आणि गेली. शोभाने डोळे मिटून ऐकले. "किती रिकामं वाटतं ना सर तिथे," ती म्हणाली. "कोणीतरी थांबलंय, असं." मग तिने पदर खोचला. "आता म्हणू?"

आप्पासाहेब निसळांकडे पाहत होते. या वेळी ते 'तुमीच म्हना' म्हणाले नाहीत.

निसळांनी तोंड उघडले.

नको म्हणायला आवाज निघाला असता की नाही, हे त्यांनी तपासून पाहिले नाही.

त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि तिच्या कानाजवळ धरला. वर्गात धरीत तसा. शोभाने मान हलवून षड्ज घेतला.

गाणे चढले.

सहा सूर.

सगळी तोंडे मिटली आणि शोभा एकटी गायली. स्वच्छ, उजळ, घासलेल्या तांब्यासारखा निषाद. कोरड्या बारवेच्या तळापर्यंत तो गेला. खालून काही परत आले नाही. घुमारासुद्धा नाही.

"आलं का टेपवर?" तिने उत्सुकतेने विचारले. "लावा ना सर."

"बॅटरी उतरली," निसळ म्हणाले. "पुण्याला गेल्यावर ऐकू."

संध्याकाळी पंगत बसली. भाकरी, ठेचा, आणि शोभा आली म्हणून कुठून तरी मिळवलेले वाटीभर ताक. शोभाचे बोलणे चालू होते. कुलगुरूंना कसे भेटायचे, आधी कोणाला ऐकवायचे, पाटणकरांचा चेहरा कसा होईल. निसळ मुकाट्याने जेवत होते. ठेचा अळणी झाला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा मीठ."

शोभा बोलायची थांबली. "अय्या सर, तुमचा आवाज!"

तो खणखणीत होता. कितीतरी वर्षांत असा नव्हता. निसळांनी तो हाडांतून ऐकला आणि त्यांना तो ओळखीचा वाटला.

छबूबाईंनी मीठ वाढले आणि पदर डोळ्यांना लावला. चूल विझून बराच वेळ झाला होता. पंगतीच्या टोकाहून राधाकृष्णने मान वर केली आणि पहिल्यांदाच निसळांच्या नजरेला नजर दिली.

हात धुवायला शोभा अंगणात गेली. तिकडून तिचे गुणगुणणे ऐकू आले, तेच गाणे, एकेक पायरी चढत. धैवतावर ते थांबले. तिने खाकरून घसा साफ केला. पुन्हा चढली. पुन्हा तिथेच थांबली.

"इथे धूळ फार आहे ना सर," ती दारातून म्हणाली.

"हो," प्राध्यापक निसळ म्हणाले. "धूळच असणार. कोमट पाणी पी."